अपिलाच्या कामात उतरताना: नाशिकच्या नव्या वकिलांसाठी

दाव्याचा निकाल लागला की हरलेला पक्षकार वकिलाला पहिला प्रश्न विचारतो, "साहेब, वर जायचं का?" त्याला तिथल्या तिथे नीट उत्तर देता येणं हे अपिलाच्या वकिलीचं निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं बैठकीचं. शे-दोनशे पानांचं रेकॉर्ड समोर घ्यायचं, निकालपत्रातला नेमका कच्चा सांधा शोधायचा आणि तो वरच्या कोर्टाला दहा मिनिटांत दाखवायचा.

अपिलात नवी केस उभी करता येत नाही. खालच्या कोर्टात जे कागदावर आलं, तेवढ्यावरच वरचं कोर्ट बघतं. त्यामुळे या कामात आवाजापेक्षा वाचन आणि तारखांची शिस्त जास्त लागते. पुढच्या पायऱ्या नाशिकमध्ये राहून हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी आहेत. दिवाणी बाजूवर भर जास्त आहे, कारण नाशिकमध्ये जमिनीचे वाद भरपूर आहेत आणि नव्या वकिलाची सर्वाधिक फसगतही तिथेच होते.

१. सनद आणि परीक्षा

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम, त्यासाठी राज्याची सीईटी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नाशिकमध्ये एनबीटी आणि मविप्र ही विधी महाविद्यालयं आहेत. दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत.

पदवी मिळाली की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे सनदेचा अर्ज करायचा. नोंदणी शुल्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात स्पष्ट निकाल दिला आहे. खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क आकारता येत नाही. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. तिच्यात १०० बहुपर्यायी प्रश्न असतात, साडेतीन तास मिळतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. टिपा न लिहिलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. त्यामुळे कलम पाठ असण्यापेक्षा ते कायद्यात कुठे आहे हे माहीत असणं जास्त उपयोगी पडतं, आणि अपिलाच्या कामातही हीच सवय कामी येते.

२. आधी दोन-तीन वर्षं खालच्या कोर्टात काढा

थेट हायकोर्टात जाण्याचा मोह होतो. तो आवरा. कागदाला निशाणी (कोर्ट कागदावर टाकतं तो क्रमांक, एक्झिबिट) कशी पडते हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याला अपिलाचं रेकॉर्ड वाचता येत नाही. दिवाणी काम करणाऱ्या सिनियरकडे ज्युनियर म्हणून बसा आणि या गोष्टी डोळ्यांखालून घाला:

- फिरिस्तीसोबत (कागदांच्या यादीसोबत) दाखल झालेला कागद आणि शाबित होऊन निशाणी मिळालेला कागद यांतला फरक. काही कागदांवर नुसती 'आर्टिकल'ची खूण पडते. तेवढ्याने तो कागद शाबित होत नाही. अपिलात अशाच कागदावर सगळा युक्तिवाद उभा केलेला दिसतो आणि समोरचा वकील तो एका वाक्यात पाडतो.
- उलटतपासात मिळालेली कबुली कोर्ट कशी उतरवून घेतं. ती अर्धवट उतरली तर त्याच क्षणी उठून सांगावं लागतं. वर गेल्यावर 'साक्षीदार असं बोलला होता' म्हणायला काही आधार उरत नाही.
- रोजनामा. कोणत्या तारखेला काय घडलं, कोणाची मुदतवाढ नामंजूर झाली, पुरावा कधी बंद झाला, हे सगळं त्यात असतं. 'आम्हाला पुराव्याची संधीच मिळाली नाही' हा अपिलातला मुद्दा रोजनाम्यावरच टिकतो किंवा पडतो.
- तुमचं म्हणणं फेटाळलं गेलं की तो अर्ज आणि त्यावरचा आदेश रेकॉर्डवर राहील हे पाहणं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०५ प्रमाणे (पुढे कायद्याचं नाव न देता आलेली दिवाणी कलमं आणि 'आदेश, नियम' याच संहितेतले) अशा मधल्या आदेशातली चूक पुढे हुकूमनाम्याविरुद्धच्या (डिक्रीविरुद्धच्या) अपिलात मुद्दा म्हणून घेता येते.

पैशाचंही बोलायला हवं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून सिनियरकडे रुजू होतानाच महिन्याचं काय ते मोकळेपणाने विचारून घ्या. आणि मानधनाइतकंच महत्त्वाचं म्हणजे अपिलाचे मसुदे तुम्हाला लिहायला मिळणार का, हेही विचारा. नुसत्या तारखा घेण्यात तीन वर्षं गेली तर हातात काही राहत नाही.

३. कुठलं अपील कुठे जातं

नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतल्या मुख्य पीठाखाली येतो. शेजारचे धुळे, जळगाव, अहिल्यानगर हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे आहेत. येवला किंवा नांदगावच्या पक्षकाराची जमीन हद्दीपलीकडच्या तालुक्यात असते तेव्हा हा फरक आठवायलाच हवा.

दिवाणी बाजू: कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात नियमित दिवाणी अपील होतं. वरिष्ठ स्तराच्या निकालावर मात्र दाव्याचं मूल्यांकन बघावं लागतं. ठरलेल्या रकमेपर्यंत जिल्हा न्यायालय, त्यापुढे थेट हायकोर्ट. ही मर्यादा दिवाणी न्यायालय अधिनियमाच्या कलम २६ मध्ये असते आणि वेळोवेळी वाढवली जाते. म्हणून जुन्या पुस्तकावर न विसंबता दुरुस्तीसह ताजा मजकूर काढून बघा. निशाणी ५ च्या तात्पुरत्या मनाईवरचा आदेश असेल तर आदेश ४३ खाली किरकोळ दिवाणी अपील. मालेगाव आणि निफाडलाही जिल्हा न्यायाधीश बसतात, तेव्हा त्या भागातलं प्रत्येक अपील नाशिकला आणण्याची गरज नाही.

फौजदारी बाजू: मॅजिस्ट्रेटने दिलेल्या शिक्षेवर सेशन्स कोर्टात, सेशन्सने दिलेल्या शिक्षेवर हायकोर्टात.

महसूल बाजू हे नाशिकचं खास बलस्थान आहे आणि नवे वकील त्याकडे दुर्लक्ष करतात याचं वाईट वाटतं. नाशिकरोडला विभागीय आयुक्तांचं कार्यालय आहे. नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर या पाच जिल्ह्यांची वरच्या टप्प्यावरची महसुली प्रकरणं तिथे येतात. फेरफार नोंदीचं आरटीएस अपील आधी प्रांताकडे, मग अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे, त्यानंतर जमीन महसूल संहितेच्या कलम २५७ खाली फेरतपासणी, अशी साखळी असते. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या पट्ट्यात आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चं बंधन आहे, त्याचीही प्रकरणं येतात. एवढं मात्र पक्षकाराला आधीच सांगा की फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही. मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच मिटतो. हे न सांगितल्यामुळे चार-पाच वर्षं महसुलात घालवून माणसं पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

४. नक्कल आणि मुदत: इथे चूक परवडत नाही

निकाल झाला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नक्कल विभागात सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज टाका. अपील करायचं की नाही हे पक्षकाराने अजून ठरवलेलं नसलं तरी टाका. खर्च किरकोळ असतो आणि वाचणारे दिवस मोलाचे असतात.

मुख्य मुदती अशा:

- दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात: ३० दिवस
- दिवाणी अपील हायकोर्टात, पहिलं असो वा दुसरं: ९० दिवस
- शिक्षेविरुद्ध अपील सेशन्स कोर्टात: ३० दिवस
- शिक्षेविरुद्ध अपील हायकोर्टात: ६० दिवस, फाशीची शिक्षा असेल तर ३० दिवस
- पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज: ९० दिवस
- महसूल संहितेखालचं अपील: जिल्हाधिकाऱ्यांहून कनिष्ठ अधिकाऱ्याचा आदेश असेल तर ६० दिवस, नाहीतर ९० दिवस
- ग्राहक जिल्हा आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगाकडे: ४५ दिवस, आणि आदेशातली ५० टक्के रक्कम भरून
- मोटार अपघात नुकसानभरपाईच्या निवाड्यावर हायकोर्टात: ९० दिवस. पैसे भरण्याचा आदेश झालेल्याला २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या ५० टक्के, यांपैकी कमी असेल ती रक्कम आधी भरावी लागते
- २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या निवाड्यावर कलम ७४ प्रमाणे हायकोर्टात: ६० दिवस

समृद्धी महामार्गामुळे इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांत भूसंपादनाचे वाद झाले, म्हणून शेवटच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्या. मात्र संपादन नेमकं कुठल्या कायद्याखाली झालं हे कागदावरून आधी तपासा. कायदा बदलला की मंचही बदलतो आणि मुदतही.

आता मोजणी. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस सोडायचा आणि नकलेला लागलेले दिवस वजा करायचे. समजा निकाल ३ मार्चला लागला, नकलेचा अर्ज १० मार्चला टाकला आणि नक्कल २८ मार्चला तयार झाली. तीस दिवस ४ मार्चपासून मोजले तर २ एप्रिलला संपतात. नकलेचे १० ते २८ मार्च हे दोन्ही टोकं धरून १९ दिवस होतात. म्हणजे शेवटची तारीख २१ एप्रिल. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं.

नकलेच्या मागच्या बाजूला शिक्क्यात तीन तारखा असतात: अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची. नवा वकील हमखास तिसरी तारीख धरतो. नक्कल तयार असताना तुम्ही ती पंधरा दिवसांनी उचलली तर ते पंधरा दिवस तुमच्याच खात्यावर पडतात. दुसरी चूक म्हणजे मुदत संपल्यावर नकलेचा अर्ज टाकून ते दिवस वजा धरणं. संपलेल्या मुदतीत वजा करायला काही उरलेलंच नसतं. तिसरी, हुकूमनामा तयार व्हायला लागलेला वेळ. नकलेचा अर्ज करण्याआधी कोर्टाने हुकूमनाम्याला घेतलेले दिवस वजा होत नाहीत. म्हणून हुकूमनाम्याची वाट पाहत थांबू नका. तो तयार नसेल तर आदेश २०, नियम ६-अ प्रमाणे निकालपत्राच्या नकलेवर अपील दाखल होतं.

उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच द्या. 'पक्षकार आजारी होता' एवढ्याने भागत नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कोणता दवाखाना, कोणता कागद, असा तारीखवार हिशेब प्रतिज्ञापत्रात लिहा. १९८७ च्या कातिजी निकालाचा उदार दृष्टिकोन सगळे सांगतात. पण तारखांमध्ये भोकं ठेवलेल्या अर्जाला तोही वाचवत नाही.

आणि वाटपाच्या दाव्यातला सापळा. तिथे आधी प्राथमिक हुकूमनामा होतो आणि हिस्से त्यातच ठरतात. पक्षकार म्हणतो, 'सरस-निरस वाटप होऊन अंतिम होऊ द्या, मग बघू.' असं थांबलं की कलम ९७ आडवं येतं. प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केलं नसेल तर अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात हिश्श्यांबद्दल तक्रार करता येत नाही. बहिणीचा हिस्सा चुकला असेल तर तो प्राथमिक हुकूमनाम्यानंतरच्या मुदतीतच दुरुस्त करून घ्यावा लागतो.

५. रेकॉर्ड वाचण्याची पद्धत

निकालपत्र सगळ्यांत शेवटी वाचा. आधी ते वाचलं की न्यायाधीशांच्या नजरेने पुरावा दिसू लागतो. क्रम असा ठेवा: दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, प्रत्येक साक्षीदाराचा सरतपास आणि उलटतपास, निशाणी पडलेले कागद, रोजनामा, आणि मग निकालपत्र.

वाचताना आडव्या कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात कोर्टाने काढलेला मुद्दा आणि तो कोणी शाबित करायचा. दुसऱ्यात आपल्या बाजूचा पुरावा, निशाणी आणि परिच्छेद क्रमांकासह. तिसऱ्यात समोरच्याचा पुरावा आणि त्याच्या उलटतपासातल्या कबुल्या. चौथ्यात निकालपत्राच्या कोणत्या परिच्छेदात त्या मुद्द्यावर काय म्हटलंय. हा तक्ता पूर्ण झाला की चौथ्या रकान्यातल्या रिकाम्या जागा स्वतःच बोलू लागतात. पुरावा आहे, पण निकालपत्रात त्याचा उल्लेखच नाही, अशी प्रत्येक जागा तुमच्या अपिलाचा संभाव्य मुद्दा असते.

पण प्रत्येक चूक कामाची नसते. कलम ९९ सांगतं की निकालाच्या गाभ्यावर परिणाम न करणाऱ्या चुकीमुळे हुकूमनामा फिरवायचा नाही. निकालपत्रात गट नंबर एका ठिकाणी चुकीचा टाइप झाला म्हणून अपील जिंकता येत नाही.

इथेच पक्षकाराला खरं सांगायची वेळ येते. तक्ता भरून झाल्यावर चौथा रकाना घट्ट भरलेला दिसला तर 'अपिलात दम नाही' असं स्पष्ट सांगा. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही हेही सांगा. एकतर्फी निकाल असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज की अपील, याचा निर्णय सुरुवातीलाच घ्या. अपील मागे घेतल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही कारणाने निकाली निघालं तर आदेश ९, नियम १३ चा, म्हणजे रद्द करण्याच्या अर्जाचा, रस्ता बंद होतो.

६. अपील मेमो लिहिणं

अपील मेमोतले मुद्दे क्रमांक देऊन, थोडक्यात आणि युक्तिवाद न करता लिहायचे असतात. प्रत्यक्षात सर्रास दिसतं ते असं:

'खालच्या कोर्टाचा निकाल कायद्याला व पुराव्याला धरून नाही.'

यातून न्यायाधीशांना काही कळत नाही. हाच मुद्दा असा लिहा:

'वादीने निशाणी ३१ च्या उलटतपासात परिच्छेद ९ मध्ये गट जमिनीच्या उत्तर भागाचा ताबा २००८ पासून प्रतिवादीकडे असल्याचं कबूल केलं आहे. मुद्दा क्रमांक ३ चा निष्कर्ष देताना निकालपत्राच्या परिच्छेद १७ ते २० मध्ये या कबुलीचा विचार झालेला नाही.'

दुसऱ्या मसुद्यात निशाणी आहे, परिच्छेद आहे आणि चूक कुठे झाली ते आहे. न्यायाधीश फाइल उघडून तिथल्या तिथे पडताळू शकतात. असे सहा-सात मुद्दे पुरतात. तीस मुद्दे लिहिले की त्यातले चांगले चार हरवतात.

जिल्हा न्यायालयात दाखल करताना सोबत हे लागतं:

- अपील मेमो आणि प्रत्येक उत्तरवादीसाठी एकेक प्रत
- निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल, तयार असेल तर हुकूमनामाही
- वकीलपत्र, वेल्फेअर स्टॅम्पसह
- मूल्यांकन आणि कोर्ट फी
- स्थगितीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह
- उशीर असेल तर विलंब माफीचा अर्ज
- पक्षकारांचे चालू पत्ते

नावं टाकताना दाव्याचं शीर्षक आंधळेपणाने उतरवू नका. दावा दहा वर्षं चाललेला असतो, मधल्या काळात एखादा प्रतिवादी वारलेला असतो. मयताविरुद्ध दाखल केलेलं अपील पुढे मोठी अडचण करतं. अपील चालू असताना कोणी वारलं तर वारसांची नावं ९० दिवसांत लावायची. राहून गेलं तर त्याच्यापुरतं अपील संपुष्टात येतं आणि ते उठवण्याच्या अर्जाला पुढे ६० दिवस मिळतात. गावातल्या एका जबाबदार माणसाचा फोन नंबर फाइलवर लिहून ठेवा, बातमी वेळेत कळते.

नवा कागद अपिलात आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. आदेश ४१, नियम २७ चे दरवाजे अरुंद आहेत. खालच्या कोर्टाने घ्यायला हवा होता तो पुरावा नाकारला, किंवा पुरेशी काळजी घेऊनही तो तेव्हा मिळाला नव्हता, किंवा निकाल देण्यासाठी अपील कोर्टालाच तो हवा आहे, एवढेच. सातबाराचा जुना उतारा तलाठी कार्यालयात पहिल्यापासून उपलब्ध होता तर 'आत्ता सापडला' हे कारण चालत नाही.

तुम्ही जिंकलेल्या बाजूने असाल तर दोन कामं लक्षात ठेवा. कलम १४८-अ खाली कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश करू नये अशी आगाऊ सूचना) टाका. ती ९० दिवस चालते आणि मग नव्याने टाकावी लागते. दुसरं, निकालातला काही भाग तुमच्याविरुद्ध गेला असेल तर अपिलाच्या सुनावणीची नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात प्रतिआक्षेप दाखल करा.

७. स्थगिती

अपील दाखल झालं म्हणजे निकाल थांबला, अशी पक्षकाराची ठाम समजूत असते. ती पहिल्याच दिवशी दूर करा. आदेश ४१, नियम ५ प्रमाणे स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि तोवर समोरचा दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून ताब्याचं वॉरंटही काढू शकतो. स्थगितीसाठी तीन गोष्टी दाखवा: न मिळाल्यास होणारं मोठं नुकसान, अर्ज करण्यात दिरंगाई नसणं, आणि तारण द्यायची तयारी. पैशाच्या हुकूमनाम्यात रक्कम भरण्याची तयारी ठेवूनच कोर्टात जा. अपील तयार व्हायला आठवडा लागणार असेल तर अपिलाची मुदत संपण्याआधी निकाल देणाऱ्या कोर्टाकडेच थोड्या दिवसांची स्थगिती मागता येते. निकाल लागला त्याच वेळी तोंडी विनंती आणि लगेच लेखी अर्ज, हा क्रम बरा पडतो.

निशाणी ५ वरच्या अपिलात वेगळं भान लागतं. खालच्या कोर्टाने आपला विवेकाधिकार मनमानीने किंवा ठरलेली तत्त्वं सोडून वापरला असेल तरच अपील कोर्ट हात घालतं, असं १९९० च्या वाँडर विरुद्ध अँटॉक्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. 'दुसरं मतही शक्य होतं' एवढा युक्तिवाद तिथे कमी पडतो.

८. फौजदारी अपील

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. शिक्षेविरुद्धचं अपील आता कलम ४१५ खाली आणि शिक्षा स्थगिती कलम ४३० खाली मागायची. जुन्या निकालपत्रांत ३७४ आणि ३८९ हे आकडे दिसतील, दोन्ही माहीत असू द्या.

आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल तर शिक्षा देणारं कोर्टच अपील दाखल करण्यापुरता जामीन देऊ शकतं. निकालाच्या दिवशी जामीनदार आणि त्याचे कागद तयार ठेवा. नाहीतर माणूस त्याच संध्याकाळी नाशिकरोड कारागृहात जातो आणि घरच्यांची धावाधाव सुरू होते. दोषी ठरलेल्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळते, ती लगेच मागून घ्या.

चेक परत गेल्याच्या खटल्यात अपील कोर्ट निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १४८ खाली दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगू शकतं. त्यासाठी ६० दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी ३०. रक्कम भरली नाही तर मिळालेली स्थगिती अडचणीत येते. पक्षकाराची खरोखर ऐपत नसेल तर अपवाद मागता येतो, २०२३ चा जंबू भंडारी निकाल त्यासाठी वाचा.

सरकारी नोकर असलेल्या पक्षकाराला आणखी एक समजावून द्या: शिक्षेला स्थगिती मिळाली तरी दोषसिद्धी तशीच राहते. नोकरीवरची कारवाई टाळायची असेल तर दोषसिद्धीला स्थगिती वेगळी आणि वेगळ्या कारणांनी मागावी लागते, आणि ती क्वचितच मिळते.

ज्यांना फौजदारी अपिलं शिकायची आहेत त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी जरूर अर्ज करावा. मानधन माफक असतं, पण कैद्याचं अपील पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः चालवायला मिळतं. आणि ज्याच्यामागे कोणी नाही अशा माणसाला नीट वाचून आलेला वकील मिळतो.

९. हायकोर्टात पाऊल ठेवताना

नाशिकची प्रकरणं हायकोर्टाच्या अपील शाखेत दाखल होतात. सुरुवातीला स्टॅम्प नंबर (नोंदणीआधीचा तात्पुरता क्रमांक) पडतो, मग ऑफिस ऑब्जेक्शन्स निघतात. अस्पष्ट झेरॉक्स, पान क्रमांक नसणं, मराठी कागदांचं भाषांतर नसणं, कोर्ट फी कमी असणं, अशी ती असतात. ही ऑब्जेक्शन्स ठरलेल्या तारखेपर्यंत दूर केली नाहीत तर प्रकरण आपोआप फेटाळलं जाण्याचा सशर्त आदेश होतो. नाशिकचा वकील समजतो मुंबईचा वकील बघतोय, मुंबईचा समजतो नाशिकहून कागद येतायत, आणि मध्येच अपील गेलेलं असतं. दर आठवड्याला स्टॅम्प नंबर टाकून स्थिती स्वतः तपासा.

दुसरं अपील कलम १०० खाली फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर ऐकलं जातं, आणि तो प्रश्न मेमोमध्येच नेमका लिहावा लागतो. 'पुराव्याचं मूल्यमापन चुकलं' हा प्रश्न होत नाही. 'नोंदणीकृत बक्षीसपत्र साक्षीदार न तपासता शाबित धरता येतं का' हा होऊ शकतो. पैशाच्या वसुलीचा दावा २५,००० रुपयांपर्यंतचा असेल तर दुसरं अपील होतच नाही. २००१ चा संतोष हजारी निकाल पूर्ण वाचा. पहिल्या अपील कोर्टाने काय करायला हवं आणि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न कशाला म्हणायचं, हे दोन्ही त्यात आहे. जिल्हा न्यायालयाने आदेश ४१, नियम ३१ प्रमाणे निर्णयाचे मुद्दे काढून कारणं दिली नसतील तर तिथूनही वाट निघते.

साक्षी मराठीत, युक्तिवाद इंग्रजीत, त्यामुळे भाषांतर लागतं. उलटतपासाचं भाषांतर शक्यतो स्वतः करा किंवा ओळ न ओळ तपासा. सगळं अपील ज्या एका कबुलीवर उभं असतं, ती तिथेच विरघळते.

बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) आदल्या संध्याकाळी बघा. आपलं प्रकरण वरच्या क्रमांकात असेल तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसवर विसंबू नका, आदल्या दिवशीच मुंबई गाठा. दूरदृश्य प्रणालीची सोय प्रत्येक न्यायाधीशांसमोर असेल असं धरून चालू नका. सोबत हे असू द्या: पान क्रमांक घातलेलं संकलन, निकालांच्या प्रती (त्यातला उपयोगी परिच्छेद खुणेसह), एका पानाचा तारीखवार गोषवारा, आणि तो चार रकान्यांचा तक्ता. उभं राहिल्यावर पहिल्या वाक्यात कोणत्या निकालाविरुद्ध आलोय ते सांगा, दुसऱ्यात चूक कोणती ते.

१०. फी आणि नियम

अपिलाची फी टप्प्यांत ठरवा आणि लिहून द्या: रेकॉर्ड वाचून मत देण्याची वेगळी, दाखल करून स्थगितीपर्यंतची वेगळी, अंतिम सुनावणीची वेगळी. वाचण्याची फी मागायला नवे वकील लाजतात, आणि खरं काम तर तेच असतं. झेरॉक्स, भाषांतर, कोर्ट फी हा खर्च फीमध्ये मिसळू नका.

भूसंपादनाच्या अपिलात 'वाढीव रकमेतले इतके टक्के तुमचे' असा प्रस्ताव शेतकरी स्वतःहून घेऊन येतो. तो स्वीकारू नका. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, आणि त्यावरून सनदेवर गदा येऊ शकते. जाहिरातीलाही मनाई आहे. त्यामुळे अपिलाचं काम येतं ते बहुतेक इतर वकिलांकडून. निफाड, चांदवड, सिन्नरच्या तालुका कोर्टांतल्या वकिलांना त्यांच्या प्रकरणाची प्रत्येक तारीख कळवा आणि त्यांचा पक्षकार परस्पर स्वतःकडे ओढू नका.

११. दिल्लीपर्यंत

हायकोर्टाच्या निकालानंतर विशेष अनुमती याचिकेला ९० दिवस असतात. सर्वोच्च न्यायालयात याचिका फक्त अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड दाखल करू शकतो. ते व्हायचं तर चार वर्षांची वकिली, त्यानंतर अनुभवी अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डकडे एक वर्षाचं प्रशिक्षण आणि चार पेपरांची परीक्षा, आणि सर्वोच्च न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत कार्यालय लागतं. नाशिकमध्ये राहून हे जमणारं नाही. दिल्लीतल्या वकिलासोबत काम करायचं तर त्याला पूर्ण संच पाठवा: तिन्ही कोर्टांची निकालपत्रं, महत्त्वाच्या साक्षींचं तपासलेलं भाषांतर, तारखांची यादी आणि नेमका प्रश्न एका पानात. हा संच हायकोर्टाचा निकाल लागल्यापासून तीन आठवड्यांच्या आत गेला पाहिजे, म्हणजे त्रुटी काढून पुन्हा दाखल करायला दिवस उरतात.